९ नोव्हेंबर (जर्मनीच्या इतिहासातील)

आधुनिक जर्मनीला वळण देणाऱ्या अनेक घटनांची तारीख. जर्मन लोक तिला ‘शिक्झाल्सटाग’ म्हणजे नियतीचा दिवस म्हणतात. १८४८, १९१८, १९२३, १९३८ आणि १९८९ ही पाच वर्षे या संदर्भात सांगितली जातात. नियतीचे नाव मात्र दिशाभूल करते. यांतल्या काही घटना निव्वळ योगायोगाने एका तारखेवर आल्या, तर काहींची मुळे आधीच्याच ९ नोव्हेंबरमध्ये आहेत.

१८४८ मध्ये फ्रँकफर्टच्या राष्ट्रीय सभेचे, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या निवडून आलेल्या संसदेचे, सदस्य रॉबर्ट ब्लूम यांना व्हिएन्नात गोळ्या घालून ठार करण्यात आले. लोकशाहीच्या पहिल्या प्रयत्नाचा पराभव या मृत्यूने अधोरेखित केला.

१९१८ साली कील बंदरातील नौसैनिकांचे बंड बर्लिनपर्यंत पोचले. चॅन्सेलर प्रिन्स माक्स यांनी सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या होकाराची वाट न पाहता त्याच्या पदत्यागाची घोषणा करून टाकली. दुपारी फिलिप शाइडमान यांनी संसद भवनातून प्रजासत्ताक जाहीर केले. काही तासांतच कार्ल लीबक्नेख्ट यांनी राजवाड्यातून वेगळेच, समाजवादी प्रजासत्ताक घोषित केले. दोनच दिवसांनी पहिल्या महायुद्धातला युद्धविराम झाला. पराभवाची जबाबदारी ज्या सेनानींची होती ते नामानिराळे राहिले आणि दोष नव्या प्रजासत्ताकाच्या माथी आला. उजव्या गटांनी त्याच्या नेत्यांना ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ ठरवले.

हाच राग घेऊन हिटलरने ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री म्युनिकच्या एका बिअर सभागृहात उठाव पुकारला. दुसऱ्या दिवशी फेल्डहेर्नहाले या स्मारकाजवळ पोलिसांच्या गोळीबारात तो मोडला. सत्तेवर आल्यावर नाझींनी मेलेल्या साथीदारांना हुतात्मे ठरवून दरवर्षी या दिवशी म्युनिकमध्ये सोहळा सुरू केला.

१९३८ ची भीषण रात्र या सोहळ्यातूनच सुरू झाली. सतरा वर्षांच्या हेर्शेल ग्रिनश्पान या ज्यू मुलाने पॅरिसमध्ये ७ नोव्हेंबरला जर्मन अधिकारी एर्न्स्ट फॉम राट याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. राट ९ तारखेला मरण पावला. बातमी आली तेव्हा पक्षाचे झाडून सगळे नेते म्युनिकच्या जुन्या नगरभवनात जमलेले होते. प्रचारमंत्री गोबेल्सने भडक भाषण केले आणि तिथूनच देशभर फोन गेले. जनतेचा उद्रेक म्हणून जे सांगितले गेले, ते वरून सोडलेले हुकूम होते. १,४०० हून अधिक सिनेगॉग व प्रार्थनागृहे जाळली वा मोडली गेली, सुमारे ७,५०० दुकाने फोडली गेली आणि जवळजवळ ३०,००० ज्यू पुरुष डाखाउ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेन येथील छळछावण्यांत डांबले गेले. वर ज्यू समाजावरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवला गेला.

१९८९ ची तारीख कोणी ठरवलेली नव्हती. पूर्व जर्मनीचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांच्या हाती पत्रकार परिषदेच्या तोंडावर प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद पडला. ते नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे होते आणि परवान्यासाठी अर्ज करावाच लागणार होता. ‘केव्हापासून?’ या प्रश्नावर कागद चाळत ते म्हणाले, ताबडतोब. टीव्हीवर हे ऐकून लोक पूर्व व पश्चिम बर्लिनमधल्या भिंतीच्या सीमेवर लोटले. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावरील अधिकारी हाराल्ड येगर यांनी वरिष्ठांना वारंवार फोन केले, पण स्पष्ट आदेश काही मिळेना. अखेर रात्री साडेअकराच्या सुमारास त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडले. माझ्या मते पाचांपैकी हा प्रसंग सर्वांत मोलाचा आहे. बंदूक जवळ असलेल्या माणसाने ती न वापरण्याचे ठरवले, म्हणून त्या रात्री रक्त सांडले नाही.

बर्लिनची भिंत पडली तो दिवसच राष्ट्रीय दिन व्हावा, असे अनेकांना वाटत होते. पण १९३८ च्या तारखेवर आनंदोत्सव कसा करायचा? म्हणून एकीकरणाचा दिवस, ३ ऑक्टोबर, निवडला गेला. ९ नोव्हेंबरला आजही अनेक जर्मन शहरांत लोक नाझींनी मारलेल्यांच्या घरांसमोर पदपथात बसवलेल्या पितळी नामपट्ट्या घासून लख्ख करतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात.