गुरगुरणारा कुत्रा ‘बॉस’ व्हायला बघत नसतो
“गुरगुरला की उताणा पाडून दाबून धरा, घरात मालक कोण ते कळू दे.” हा सल्ला अजून फिरतोय. त्याचं मूळ 1947 सालचं: प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं टिपली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये मांडलं. तोवर ‘अल्फा’, म्हणजे भांडून कळपाचा बॉस झालेला लांडगा, ही कल्पना कुत्र्यांना लावून घरोघरी पोचली होती.

गुरगुरणं ही सूचना. ती मारून बंद केलीत तर पुढच्या वेळी थेट दात. वाडग्याजवळ गेल्यावर खाणं थांबवून तो ताठ झाला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, की मागे सरा आणि ट्रेनर शोधा. शांत कुत्रा अचानक बिथरला तर मात्र आधी पशुवैद्य. कान नाहीतर सांधा दुखत असू शकतो. आणि पट्टा आवळत “दोन दिवसांत सरळ करतो” म्हणणारा ट्रेनर? दारातूनच परत पाठवा.