तोफ की दवाखाना? हिशोब एवढा सरळ नाहीये

पाषाणला एआरडीई, दिघीला आर अँड डीई या लष्करासाठी संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा, खडकीचा दारूगोळा कारखाना तर 1869 पासूनचा, त्यामुळे डिफेन्सचा पैसा म्हणजे पुण्यात कुणाच्या तरी घरातला पगार असतो. आणि त्याच पुण्यात उन्हाळ्यात सोसायट्यांमध्ये टँकर येतात. मग प्रश्न निघतोच की एवढा पैसा तोफांना कशाला.

2025-26 च्या केंद्राच्या बजेटमध्ये डिफेन्सला 6.81 लाख कोटी आणि आरोग्य खात्याला साधारण 1 लाख कोटी. हे आकडे नुसते शेजारी ठेवले की फसायला होतं, कारण सैन्य फक्त केंद्राचं, पण दवाखाने, शाळा, पाणी यावरचा मोठा खर्च राज्यं आणि महापालिका करतात. तो सगळा धरूनही आरोग्यावर आपण कमीच खर्च करतो असं माझं स्पष्ट मत आहे. 2017 च्या आरोग्य धोरणात 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के ठरलं होतं, तिथे आपण पोचलोच नाही.

अर्थशास्त्रात ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणून एक कल्पना आहे, म्हणजे एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण दुसरं काय सोडलं ते. आणि सोडावे लागतात ते फक्त रुपये नाहीत, जमीन आणि माणसं पण. लष्कराच्या हद्दीतून रस्ता न्यायचा तर किती परवानग्या लागतात ते पुणेकरांना माहितीये, आणि जो इंजिनियर दहा वर्षं तोफेवर काम करतो तो त्या दहा वर्षांत पाण्याच्या योजनेवर नसतो.

पण खर्च टाळला तर त्याचीही किंमत मोजावी लागते. 1962 च्या चीन युद्धानंतर डिफेन्सचा खर्च घाईघाईत वाढवावा लागला, मग 1965 चं युद्ध, त्यात दुष्काळ, आणि 1966 ते 69 पंचवार्षिक योजनाच थांबली. म्हणजे तयारी नसल्याचं बिल शेवटी विकासाच्याच खिशातून गेलं.

शिवाय प्रत्येक रुपया एकाच बाजूचा नसतो. हिमाचलमधल्या रोहतांग खिंडीखालचा 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा बॉर्डर रोड्सने, म्हणजे सीमाभागात रस्ते बांधणाऱ्या डिफेन्सच्याच संस्थेने बांधला, 2020 ला सुरू झाला, सैन्याची रसद त्यातून जाते आणि बर्फात खिंड बंद असताना लाहौलमधला पेशंट पण त्यातूनच खाली येतो. 1961 ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटायच्या आधी वाळूची पोती टाकून भगदाड रोखायला जवानच धडपडत होते, त्याने लोकांना थोडा तरी वेळ मिळाला, ते कुठल्या खात्यात लिहिणार?

म्हणून मला वाटतं 6.81 लाख कोटी जास्त की कमी यावर भांडण्यापेक्षा ते आत कुठे जातात ते बघायला हवं. त्यातले जवळपास 1.61 लाख कोटी पेन्शनचे आणि नवीन शस्त्रं, विमानं, जहाजं वगैरे भांडवली खर्चाला 1.80 लाख कोटी, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. जवानाची पेन्शन हा त्याचा हक्क आहे, त्याला हात लावू नये. पण 2022 ला आलेल्या अग्निपथ या सैन्यभरतीच्या योजनेत चार वर्षांनी 25 टक्केच जण कायम होणार आणि बाकीच्यांना पेन्शन नाही, तेव्हा त्यातून पुढे वाचणारा पैसा शस्त्रांकडे जाणार, दवाखान्यांकडे जाणार की बाहेर पडलेल्या पोरांच्या नोकऱ्यांकडे, हे संसदेत आत्ताच ठरायला पाहिजे.