सिग्ट्रान

दूरध्वनी जाळ्यातले सिग्नलिंग संदेश आयपी जाळ्यावरून वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलांचा संच. कॉल जोडणे-तोडणे, रोमिंगमधल्या ग्राहकाचा ठावठिकाणा विचारणे, एसएमएस पोहोचवणे ही कामे एसएस७ या दूरध्वनी सिग्नलिंग पद्धतीचे संदेश करतात. ते मुळात ६४ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या राखीव लिंकवरून जात. एका लिंकसेटमध्ये (दोन केंद्रांमधल्या लिंकच्या गटात) अशा १६ लिंकच मावत. आयपीवरील वहनाची चौकट इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने १९९९ मध्ये आरएफसी २७१९ या दस्तऐवजात मांडली.

या कामाला इंटरनेटवरचा नेहमीचा वाहतूक प्रोटोकॉल टीसीपी अपुरा पडतो. तो सगळे एकाच रांगेत पोहोचवतो, त्यामुळे एक पॅकेट हरवले की त्याच्याशी संबंध नसलेल्या कॉलचे संदेशही मागे खोळंबतात. म्हणून २००० मध्ये एससीटीपी हा नवा वाहतूक प्रोटोकॉल आला. त्याचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक १३२. त्याच्या एका असोसिएशनमध्ये (दोन टोकांमधल्या जोडणीत) अनेक स्ट्रीम, म्हणजे स्वतंत्र रांगा, असतात आणि क्रम पाळला जातो तो स्ट्रीमपुरता. संदेशातल्या एसएलएस (लिंक निवडीच्या) क्रमांकावरून स्ट्रीम निवडला, की एका कॉलचे संदेश क्रमानेच पोहोचतात. दोन्ही टोकांना एकाहून अधिक आयपी पत्ते देता येतात. एक मार्ग तुटला तरी असोसिएशन टिकते.

त्यावर बहुधा एम३यूए हा एसएस७ चे संदेश आयपीवर नेणारा थर चालतो, पोर्ट २९०५ वर. असोसिएशन जुळल्यावर आयपीकडचा सर्व्हर (एएसपी) एसएस७ जाळ्याशी जोडणाऱ्या गेटवेला ‘एएसपी अप’ व मग ‘एएसपी ॲक्टिव्ह’ पाठवतो. दोन्हींची पोच आल्यावरच वाहतूक सुरू होते. असोसिएशन उभी आहे, पण कॉल एकही जात नाही, अशा वेळी आधी राउटिंग कॉन्टेक्स्ट (कोणती वाहतूक कोणाची ते सांगणारा क्रमांक) आणि ट्रॅफिक मोड (सर्व्हरांमध्ये वाहतूक वाटण्याची पद्धत) दोन्हीकडे सारखे आहेत का ते पाहावे. दोन्ही टोके स्वतःचा पॉइंट कोड (एसएस७ जाळ्यातला पत्ता) असलेली एसएस७ केंद्रे असतील, तर एम२पीए वापरतात; त्यात एमटीपी३ ही एसएस७ ची मार्ग ठरवणारी पातळी जशीच्या तशी राहते.

सर्वांत महाग पडते ते एससीटीपीचे टायमर न बदलणे. पुनःप्रेषणाची किमान मुदत १ सेकंद असते आणि दर अपयशाला दुप्पट होते. पाच पुनःप्रयत्नांची मर्यादा ओलांडून मार्ग बंद ठरेपर्यंत १+२+४+८+१६+३२, म्हणजे ६३ सेकंद जातात. सिग्नलिंगला हा विलंब परवडत नाही. म्हणून किमान मुदत मार्गाच्या प्रत्यक्ष जाण्या-येण्याच्या वेळेपेक्षा थोडीच जास्त ठेवावी आणि पुनःप्रयत्न कमी करावेत. मुदत त्या वेळेच्याही खाली गेली, तर पोच वाटेत असतानाच तोच संदेश पुन्हा जातो.

दोन पत्ते दिले, पण दोन्ही एकाच स्विचमधून गेले, तर मल्टिहोमिंग (अनेक पत्ते देण्याची सोय) नावापुरतेच उरते. पत्ते जोडणीच्या पहिल्या संदेशाच्या आतही लिहिलेले असतात. वाटेतला नॅट, म्हणजे पत्ते बदलणारा टप्पा, फक्त बाहेरचा पत्ता बदलतो आणि दुसरा मार्ग कधी जागाच होत नाही. एससीटीपी स्वतः मजकूर गुप्त ठेवत नाही. आरएफसी ३७८८ नुसार सिग्ट्रानच्या उपकरणांत आयपीसेक या संकेतन पद्धतीची सोय हवीच.