दऱ्या की दर्या? वेबवरच्या एडिटरची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली वाचनालयं, आंबा बागायतदार, होमस्टेवाले यांच्यासाठी मी छोट्या वेबसाइट करतो. सीएमएस (साइटवरचा मजकूर भरायची-बदलायची प्रणाली) अगदी साधं असतं: शीर्षक, मजकूर, फोटो, तारीख. अडतं ते मजकुराच्या चौकोनापाशी. ठळक-तिरपं करायची बटणं असलेला हा एडिटर कुठला घ्यायचा? नुसती बटणं मोजून निवड केली तर पुढे पस्तावायची पाळी येते, म्हणून हा चौकोन मुळात कसा घडला ते आधी सांगतो.

ब्राउझर हे वाचायचं साधन. त्यात पानावरच लिहिता यावं म्हणून मायक्रोसॉफ्टने 2000 साली इंटरनेट एक्सप्लोरर 5.5 मध्ये कंटेंटएडिटेबल हा गुणधर्म दिला. 2003 मध्ये मोझिला 1.3 ने तशीच सोय आणली. पण एंटर दाबल्यावर आत नेमकं काय घडावं, हे कुणी ठरवूनच ठेवलं नव्हतं. एक्सप्लोरर नवा परिच्छेद करायचा, फायरफॉक्स नुसती ओळ तोडायचा, पुढे आलेला क्रोम डिव्ह (नुसता एक कप्पा) टाकायचा. एकच बातमी तीन संगणकांवर लिहिली की तीन तऱ्हेचं एचटीएमएल (पानाची रचना सांगणारी खुणांची भाषा) साठायचं. ही भांडणं मिटवायला एडिटर आले. 2003 मध्ये फ्रेडेरिको क्नाबेन यांचा एफसीकेएडिटर (2009 पासून सीकेएडिटर), 2004 मध्ये टायनीएमसीई. डिसेंबर 2005 मध्ये वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या प्रणालीने 2.0 आवृत्तीत टायनीएमसीई सोबत दिला आणि 'वेबवर लिहायचं' म्हटलं की तीच बटणांची पट्टी डोळ्यांसमोर यायला लागली.

मराठीची अडचण मात्र आणखी खोल होती. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीत देवनागरी 1991 पासून आहे, विंडोज 2000 सोबत मंगल फाँटही आला. पण छापखान्यातला सगळा मजकूर श्री-लिपीसारख्या फाँटांत. पडद्यावर मराठी दिसायचं, आत साठवलेले संकेत मात्र इंग्रजी अक्षरांचे. त्यामुळे वर्डमधून पेस्ट केलेल्या मजकुरातला कचरा काढा, फाँटचे टॅग पुसून टाका, हा जगभरातला शहाणा सल्ला आमच्यासाठी घातक ठरायचा. फाँट गेला की अर्थच गेला. एका वाचनालयाचा जुना अहवाल मी असाच 'स्वच्छ' केला होता. सेव्ह करून पाहतो तर ओळीमागून ओळी नुसत्या रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या. तेव्हापासून आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग सफाई, हा क्रम मी कधी मोडत नाही.

युनिकोडात आल्यावरही सगळं निभावतंच असं नाही. 'सह्याद्रीच्या दऱ्या' यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. खाली टिंब असलेला ऱ वापरला तर प्रश्न नाही. पण कुणी साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक (अक्षरं कशी जुळावीत हे सांगणारं चिन्ह) आणि मग य असा टाइप केला, तर तो जोडक डोळ्यांना दिसतच नाही. अदृश्य अक्षरं म्हणजे वर्डचा कचरा असं धरून चालणारी सफाई तो उडवते आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही चूक सापडत नाही, कारण दर्या हाही खराच शब्द. कोकणातल्या ट्रेकच्या माहितीत दरीच्या जागी समुद्र यावा, हे मला अजूनही सलतं.

पुढची पिढी या गोंधळातूनच जन्मली. सगळ्यांना वापरायला खुला झालेला क्विल, 2015 मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिलेला मारिन हावरबेके यांचा प्रोझमिरर आणि 2018 मध्ये मुळापासून नव्याने लिहिलेला सीकेएडिटर 5 यांनी ब्राउझरच्या एचटीएमएलवर विसंबणं सोडलं. मजकुराचा स्वतःचा आराखडा ते आत सांभाळतात. कोणता घटक चालेल ते आधी ठरलेलं, त्यामुळे वर्डमधला रंग, समास, एमएसओ नावाच्या वर्डच्या शैलीखुणा दारातच गळून पडतात. साध्या सीएमएसला हेच हवं, असं माझं ठाम मत आहे.

या वाटेवर फोनने मात्र सगळ्यांनाच घाम फोडला. अँड्रॉइडच्या कळफलकावर शब्द जुळत असताना तो तात्पुरता असतो. एडिटरने मध्येच हात घातला की अक्षर दुबार पडतं किंवा गिळलं जातं. फेसबुकने 2016 मध्ये दिलेला ड्राफ्ट याच दुखण्याने बदनाम झाला. 2022 मध्ये त्यांनी त्याच्या जागी लेक्सिकल आणला. इकडे निम्म्याहून जास्त मजकूर फोनवरूनच येतो, तेव्हा हा मुद्दा मी सोडूच शकत नाही.

परवान्याचं थोडक्यात: सीकेएडिटर 4 ची मोफत देखभाल जून 2023 मध्ये थांबली, टायनीएमसीई 2024 च्या सातव्या आवृत्तीपासून जीपीएल या परवान्याखाली (पुढे वाटलेला बदललेला कोडही खुलाच ठेवा, अशी त्याची अट) गेला. क्विल आणि प्रोझमिरर यांचे परवाने बरेच मोकळे आहेत.

छोट्या संस्थेसाठी मी सहसा क्विल घेतो. बटणं पाचच ठेवतो: ठळक, तिरपं, दुवा, यादी, उपशीर्षक. पण आधी एक वाक्य जोडकासकट टाइप करतो: 'दऱ्यांतून वाऱ्याबरोबर पाऊस आला.' सेव्ह करतो, पान पुन्हा उघडतो. मग तेच वाक्य वाचनालयातल्या ताईंच्या फोनवर, त्यांच्याच कळफलकावर, त्यांच्याकडून लिहून घेतो. दोन्हीकडे ऱ्य जागेवर राहिला तरच बाकीचं काम सुरू करतो.