यॉर्कमधील जुनी रस्त्यांची नावे

उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या जुन्या भागात स्टोनगेट, कॉपरगेट, गुड्रॅमगेट अशी ‘गेट’ने संपणारी नावे पावलोपावली भेटतात. त्यांतल्या ‘गेट’चा वेशीशी काही संबंध नाही. इ.स. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी यॉर्क जिंकले आणि त्यांच्या भाषेत रस्त्याला असलेला ‘गाता’ हा शब्द इथे कायमचा रुजला. लीड्समधल्या ब्रिगेट आणि कर्कगेट या नावांतही तोच आहे. यॉर्कच्या वेशींना ‘बार’ म्हणतात. मिकलगेट म्हणजे ‘मोठा रस्ता’ आणि तो तटाला भिडतो तिथली वेस मिकलगेट बार. लंडनमधील ऑल्डगेट, बिशप्सगेट ही मात्र खरोखरीच वेशींवरून पडलेली नावे आहेत.

सरळ दिसणारा अर्थ या नावांत बहुधा चकवतो. कॉपरगेट या नावाचा तांबटांशी संबंध नाही; ती लाकडी पेले आणि वाडगे घडवणाऱ्या कातारींची आळी होती. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झाले, तेव्हा ओलसर मातीत टिकून राहिलेले लाकडी पेले आणि वाडगे कातताना मधून निघालेले गाभे सापडले. नावाच्या अर्थाला जमिनीतून इतका थेट दुजोरा क्वचितच मिळतो आणि म्हणूनच कॉपरगेटचे महत्त्व मोठे आहे. ब्लॉसम स्ट्रीटचाही मोहोराशी संबंध नाही. मूळ नावात नांगरणारे होते. उच्चार झिजत गेला, अर्थ विसरला गेला आणि ओळखीचा वाटणारा शब्द त्या जागी येऊन बसला.

‘शॅम्बल्स’ हे नाव मांस मांडायच्या फळ्यांवरून आले. ही खाटकांची गल्ली. १८७२ मध्येही इथे २५ खाटीक धंदा करत होते. आज ती दुकाने उरलेली नाहीत, पण खिडक्यांखालच्या रुंद फळ्या आणि मांस टांगायचे आकडे काही घरांवर अजून दिसतात. दोन्ही बाजूंचे पदपथ उंच ठेवून मध्ये पन्हळ सोडली आहे, ती रक्त आणि घाण धुऊन काढण्यासाठी. वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आले आहेत की गल्लीत ऊन जेमतेम उतरते. इंग्रजीत ‘शॅम्बल्स’चा अर्थ आधी कत्तलखाना आणि पुढे नुसता गोंधळ असा होत गेला, या गल्लीत मात्र मूळ अर्थ डोळ्यांनी पाहता येतो.

स्पुरियरगेट हा घोड्याला टोचण्यासाठी स्वाराच्या टाचेला लावायचे काटे बनवणाऱ्यांचा रस्ता, कॉलियरगेट कोळसा विकणाऱ्यांचा.

सर्वांत विचित्र नाव शहरातल्या सर्वांत आखूड रस्त्याला आहे: व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. गुन्हेगारांना इथे चाबकाने फोडत असत, ही कथा लोकप्रिय असली तरी आजच्या उच्चारावरून सुचलेली दिसते. १५०५ मधील नोंदीत नाव ‘व्हिटनूरव्हॉटनूरगेट’ असे आहे. त्याचा अर्थ कोणी ‘हा कसला रस्ता!’ असा लावतात, तर कोणी ‘धड ना हे, धड ना ते’ असा. रस्त्याची लांबी पाहता दोन्ही अर्थ पटण्यासारखे आहेत.