‘अर्बित्राझ’चे इंग्रजी काय? रशियन कायद्याच्या भाषांतराची पार्श्वभूमी

रशियात कंपन्यांचे आपसातले दावे, दिवाळखोरीची प्रकरणे आणि करखात्याशी होणारे तंटे एका वेगळ्या सरकारी न्यायालयात चालतात. रशियनमध्ये त्याचे नाव ‘अर्बित्राझनी सूद’. इंग्रजीत मात्र कोणी ‘आर्बिट्रेशन कोर्ट’, म्हणजे लवाद न्यायालय, लिहितो, कोणी ‘कमर्शियल कोर्ट’, कोणी ‘इकॉनॉमिक कोर्ट’. आणि ज्याचा यातल्या कशावरच भरवसा नाही तो ‘अर्बित्राझ कोर्ट’ असे लिहून मोकळा होतो. रशियन कायदा इंग्रजीत आणणाऱ्यांमध्ये या एका नावावरून जितकी डोकेफोड झाली आहे, तितकी दुसऱ्या कशावरूनही झालेली नाही.

जुना काळ लवकर आटोपता येतो. सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने १७६७ मध्ये नव्या संहितेसाठी काढलेली सूचनावली दुसऱ्याच वर्षी लंडनला इंग्रजीत छापून आली. तिचा मूळ मसुदा मुख्यतः फ्रेंचमधला, त्यातला मोठा भाग पश्चिम युरोपातल्या विचारवंतांकडून उचललेला. त्यामुळे खास रशियन अशा शब्दांशी भाषांतरकाराची फारशी गाठ पडली नाही. खरी गाठ पडते ती १८६४ च्या न्यायसुधारणांपासून. तेव्हा ज्यूरी आली, वकिलांची संघटना उभी राहिली आणि ‘मिरोवोई सुद्या’ हे पद निघाले. इंग्रजीत त्याला लगेच ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हटले गेले. स्थानिक पातळीवर निवडून येणारा, कायद्याची पदवी असलीच पाहिजे असे नसलेला तो न्यायाधीश होता, त्यामुळे नाव बऱ्यापैकी बसत होते. क्रांतीनंतर ते पद गेले, १९९८ च्या कायद्याने परतले. आताचा ‘मिरोवोई सुद्या’ कायद्याचा पदवीधर आणि पगारी आहे, इंग्लंडमधला ‘जस्टिस ऑफ द पीस’ आजही बिनपगारी नागरिक आहे. इंग्रजी नाव तेवढे १८६४ चेच राहिले.

सोव्हिएत काळात भाषांतराचा सूरच बदलला. शीतयुद्धात रशियन कायद्याचे इंग्रजी भाषांतर बऱ्याच अंशी अमेरिकी विद्यापीठांत होत होते. हार्वर्डच्या एका प्राध्यापकाने फौजदारी संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता १९६६ मध्ये एका ग्रंथात इंग्रजीत दिल्या. या मंडळींना सहज इंग्रजी नकोच होते. ‘प्रोकुरातुरा’ला त्यांनी ‘प्रॉसिक्युटर्स ऑफिस’ म्हटले नाही, ‘प्रोक्युरसी’ असा शब्द चालवला. त्याला कारण होते. ही संस्था १७२२ मध्ये सम्राट पीटरने ‘झारचा डोळा’ म्हणून नेमली, १९१७ मध्ये ती मोडली आणि १९२२ मध्ये पुन्हा उभी राहिली. आरोपींवर खटला चालवणे हे तिचे एकच काम नव्हते. सरकारी खाती, कारखाने, तुरुंग कायदा पाळतात की नाही यावरही तिची नजर असे. ‘प्रॉसिक्युटर’ म्हटले की इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे फक्त न्यायालयात उभा राहणारा सरकारी वकील येतो. शब्द मुद्दाम खटकणारा ठेवला की वाचक थबकतो, असा तो हिशेब होता. माझ्या मते तो त्या काळापुरता बरोबरही होता.

आता मूळ गुंत्याकडे. सरकारी उद्योगांमधले वाद मिटवायला १९२२ मध्ये अर्बित्राझ आयोग नेमले गेले. १९३१ मध्ये ते मोडून ‘गोसअर्बित्राझ’, म्हणजे सरकारी अर्बित्राझ, सुरू झाला. एका कारखान्याने योजनेप्रमाणे पोलाद वेळेवर पाठवले नाही की दुसरा कारखाना इथे येई. दोन्ही कारखाने सरकारचे, वाद ऐकणारा अधिकारीही सरकारचाच. करार करायलाच कोणी तयार नसेल, तर कराराच्या अटीही इथेच ठरत. कोणी तक्रार केली नाही तरी हे कार्यालय स्वतःहून प्रकरण हाती घेऊ शकत असे. लवादाचा पाया म्हणजे दोन्ही पक्षांची संमती; इथे संमती कोणी विचारतच नव्हते. तरी पाश्चात्त्य अभ्यासकांनी त्याला सर्रास ‘स्टेट आर्बिट्रेशन’ म्हटले, कारण शब्दाचा तोंडवळा ओळखीचा होता.

याच्याच शेजारी एक खराखुरा लवादही होता. परदेशी कंपन्यांशी होणाऱ्या व्यापारातल्या वादांसाठी मॉस्कोत १९३२ मध्ये एक आयोग स्थापन झाला. तो दोन्ही पक्षांच्या करारावर चाले आणि व्यापारी मंडळाशी जोडलेला होता. १९८७ मध्ये त्याचे नाव बदलले आणि नव्या नावात ‘अर्बित्राझनी सूद’ हे शब्द आले. म्हणजे ‘अर्बित्राझ न्यायालय’ हे नाव आधी मिळाले ते संमतीने चालणाऱ्या लवादाला! चारच वर्षांनी, जुलै १९९१ च्या कायद्याने, गोसअर्बित्राझचे रूपांतर खऱ्या सरकारी न्यायालयांत झाले आणि त्यांनाही तेच नाव दिले गेले. खुर्चीतली माणसे बरीचशी तीच, दारावरची पाटी नवी. डिसेंबर १९९३ च्या राज्यघटनेत या न्यायालयांच्या सर्वोच्च पीठाला स्वतंत्र कलम मिळाले आणि नाव पक्के झाले.

नव्वदच्या दशकात परदेशी पैसा रशियात आला आणि भाषांतराचे गिऱ्हाईक बदलले. पूर्वी वाचक प्राध्यापक होता, आता गुंतवणूकदाराचा वकील. त्याला ‘ज्युरिडिकल पर्सन’ आणि ‘फिजिकल पर्सन’ वाचायचा कंटाळा. त्याला ‘लीगल एन्टिटी’ आणि ‘इंडिव्हिज्युअल’ हवे होते. ही सुधारणा योग्यच होती. त्याच ओघात ‘आर्बिट्रेशन कोर्ट’ही ऐटीत करारांमध्ये शिरले, आणि तिथे ते महाग पडण्याजोगे होते.

समजा, इंग्रजी करारात एवढेच लिहिले आहे, की सर्व वाद ‘मॉस्को आर्बिट्रेशन कोर्ट’कडे जातील. हे कोण? मॉस्को शहराचे सरकारी अर्बित्राझ न्यायालय, की व्यापारी मंडळाशी जोडलेला आंतरराष्ट्रीय लवाद, की त्या काळी पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवलेल्या खासगी ‘त्रेतेइस्की’, म्हणजे पंचांच्या, न्यायालयांपैकी एखादे? प्रश्न शब्दच्छलाचा नाही. लवादाचा निवाडा असेल तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तो जगातल्या बहुतेक देशांत वसूल करता येतो. सोव्हिएत संघ त्यात १९६० मध्येच सामील झाला होता. सरकारी न्यायालयाचा निकाल असेल तर देशागणिक वेगळा करार लागतो, आणि ब्रिटन व रशिया यांच्यात दिवाणी निकालांसाठी असा करारच नाही. एका विशेषणाच्या भाषांतरावर निकालाची किंमत ठरते ती अशी.

मराठी वाचकाने यावर फार हसू नये. आपणही पाणी तंटा लवाद म्हणतो, हरित लवाद म्हणतो. तिथे कोणाच्या संमतीचा प्रश्न नसतो. आणि दोन व्यापाऱ्यांनी आपखुशीने नेमलेला पंचही लवादच.

शेजाऱ्यांनी यातून वाट काढली. युक्रेनने २००१ मध्ये आपल्या अर्बित्राझ न्यायालयांचे नावच बदलून त्यांना आर्थिक-व्यावसायिक न्यायालये केले, बेलारूसने त्याआधीच जुने नाव सोडले होते. रशियाने २०१४ मध्ये अर्बित्राझ व्यवस्थेचे सर्वोच्च पीठ सर्वोच्च न्यायालयात विलीन केले. नाव बदलायची तेव्हा उत्तम संधी होती, पण खालच्या न्यायालयांवरचे नाव तसेच राहिले. डिसेंबर २०१५ मध्ये खासगी लवादांना शिस्त लावणारा कायदा झाला आणि त्याच्या शीर्षकातच ‘अर्बित्राझ’ हा शब्द खऱ्या लवादासाठी वापरला गेला. आता नुसते नाम ‘अर्बित्राझ’ म्हणजे संमतीचा लवाद, आणि त्याचे विशेषण लावलेले न्यायालय म्हणजे सरकारी. शिवाय दिवाळखोर कंपनीचा कारभार पाहणारा ‘अर्बित्राझनी उप्राव्ल्यायुश्ची’ आहेच. त्याचा लवादाशी सुतराम संबंध नाही, तरी ‘आर्बिट्रेशन मॅनेजर’ हे इंग्रजी अजूनही कागदपत्रांतून हटलेले नाही. असा ‘मॅनेजर’ आपल्याकडे थकबाकीची चौकशी का करतो आहे, हे लंडनच्या धनकोला पत्र दोनदा वाचूनही कळणार नाही. ‘इन्सॉल्व्हन्सी’, म्हणजे दिवाळखोरी, हा एक शब्द घातला असता तर काम झाले असते.

स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने रशियन प्रकरणांच्या इंग्रजी निकालांत ‘कमर्शियल कोर्ट’ रुळवले. मला ते सर्वांत कमी वाईट वाटते. करदाता विरुद्ध सरकार अशा दाव्यांना ‘कमर्शियल’ म्हणणे थोडे ताणलेले आहे, हे खरे. पण त्याने वाचक चुकीच्या दारात जाऊन उभा राहत नाही. ‘आर्बिट्रेशन कोर्ट’ने तो नेमका तिथेच जातो. या पर्यायाचे समर्थक शब्दाशी इमान राखल्याचा दाखला देतात. शब्दाशी इमान राहिले, संस्थेशी राहिले नाही.

दिवाणी संहितेचा पहिला भाग १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला आणि तिथे उलटा खेळ सुरू झाला: इंग्रजी कल्पना रशियन वेष घालून आल्या. डिसेंबर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने इंग्लिश पद्धतीचा ‘ट्रस्ट’ थेट आणण्याचा प्रयत्न झाला होता. रशियन दिवाणी कायद्याच्या पंडितांना तो रुचला नाही. कागदोपत्री मालक एक आणि लाभाचा धनी दुसरा, अशी मालकी दोन माणसांत विभागणे त्यांच्या चौकटीत बसत नव्हते. संहितेच्या १९९६ च्या दुसऱ्या भागात त्याऐवजी विश्वासाने सोपवलेले व्यवस्थापन आले आणि मालकी हस्तांतरित होत नाही, असे कलमात स्वच्छ लिहिले गेले. त्याचे इंग्रजी ‘ट्रस्ट मॅनेजमेंट’ असे रूढ झाले. ज्या कल्पनेला दाराबाहेर काढले, तिचेच नाव भाषांतराने पाटीवर पुन्हा लावले. पोर्तुगीज संहितेच्या छायेत वाढलेल्या गोव्यातल्या वकिलाला ही अडचण मुंबईच्या वकिलापेक्षा लवकर उमजेल.

२०१५ च्या दुरुस्तीने आणखी दोन पाहुणे आले. ‘परिस्थितीबाबतची आश्वासने’ आणि ‘तोट्याची भरपाई’ अशा साध्या दिसणाऱ्या रशियन शब्दांमागे इंग्लिश करारांतली ‘रिप्रेझेंटेशन्स’ आणि ‘इंडेम्निटी’ आहेत. शब्दशः भाषांतर केले तर लंडनचा वकील आपलेच अपत्य ओळखत नाही. ओळखीचा शब्द वापरला तर त्याला वाटते, की त्यामागचा शतकानुशतकांचा इंग्लिश निकालसंग्रहही सोबत आला. तो काही आलेला नाही.

फौजदारी शब्दांचा प्रश्न वर्तमानपत्रांमुळे चिघळला. ‘उगोलोव्नोये देलो’ सुरू झाले, म्हणजे मराठीत सरळ ‘गुन्हा दाखल झाला’. त्यात कोणाचे नाव असेलच असे नाही. आरोपी ठरवण्याचा आदेश वेगळा असतो, तो नंतर निघतो. आपल्या कुठल्याही तालुक्याच्या वार्ताहराला गुन्हा दाखल होणे आणि दोषारोपपत्र यांतला फरक सांगावा लागत नाही. इंग्रजी बातम्यांत मात्र पहिल्याच दिवशी माणूस ‘चार्ज्ड’ होतो. लंडनच्या न्यायालयांत रशियाच्या प्रत्यार्पणाच्या मागण्या येऊ लागल्या, तेव्हा माणूस नक्की कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारणे भाग पडले. आणखी एक शब्द ‘प्रिगोवोर’. फौजदारी खटल्याच्या अंतिम निकालाला तो म्हणतात, मग शिक्षा होवो वा सुटका. त्याला डोळे मिटून ‘सेंटेन्स’ म्हणणाऱ्यांनी निर्दोष सुटलेल्यांनाही इंग्रजीत ‘सेंटेन्स’ दिली आहे. २०१२ मध्ये मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये गाणे म्हटलेल्या तरुणींना दोन वर्षे कैद झाली ती ‘हुलिगान्स्त्वो’साठी. हा शब्द लंडनहूनच रशियात गेलेला, तिथल्या १९२२ च्या संहितेत गुन्हा म्हणून बसलेला. इंग्रजीत ‘हूलिगनिझम’ म्हणून परतला, तेव्हा वाचकाला फुटबॉलच्या मैदानावरची हाणामारी आठवली.

गेल्या काही वर्षांत हे सारे काम वेगळ्याच दिशेला वळले आहे. जून २०२० मध्ये रशियाने कायदा केला, की ज्यांच्यावर परदेशी निर्बंध आहेत त्यांचे वाद आपली अर्बित्राझ न्यायालये स्वतःकडे ओढून घेऊ शकतील, करारात परदेशी लवाद ठरलेला असला तरी. २०२२ मध्ये रशिया युरोप परिषदेबाहेर पडला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मानवी हक्क करारातूनही. स्ट्रासबर्गचे ‘कमर्शियल कोर्ट’ आता नव्या प्रकरणांत रुजणार नाही. त्याची जागा लंडनच्या निकालपत्रांनी घेतली आणि तिथल्या न्यायाधीशांनी बहुतेकदा ‘अर्बित्राझ कोर्ट’ असा न भाषांतरलेला शब्दच पसंत केला.

२०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात त्याचे कारण दिसते. जर्मन बँकेने दिलेल्या हमीपत्रांत पॅरिसमधला लवाद ठरला होता, तरी रशियन कंपनीने सेंट पीटर्सबर्गच्या अर्बित्राझ न्यायालयात दावा लावला. लंडनने कंपनीला तो मागे घेण्याचा हुकूम कायम केला. ‘आर्बिट्रेशन कोर्ट’ वापरले असते तर निकालपत्रात लिहावे लागले असते, की आर्बिट्रेशन कोर्टात जाऊन कंपनीने आर्बिट्रेशनचा करार मोडला. पुढे रशियन न्यायालयाने बँकेवरच जबर दंडाची टांगती तलवार ठेवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकेच्याच विनंतीवरून लंडनच्या अपील न्यायालयाने तो हुकूम उठवला.