अबिनाचा चेहरा कुणी पाहिलाय?

पश्चिम आफ्रिकेतल्या विस्मृतीत गेलेल्या बायकांवर आता चित्रांतून पुस्तकं येतायत, चांगलंच आहे, पण ते "विस्मृतीत गेलेल्या" मला जरा खटकतं. बऱ्याच जणींची नोंद आहे की, फक्त ती समोरच्या पार्टीने लिहिलीय.

अबिना मानसाचंच बघा. आजच्या घानाचा किनारा तेव्हा गोल्ड कोस्ट, ब्रिटिशांच्या ताब्यात, आणि १८७४ मध्ये त्यांनी तिथे गुलामगिरी बंद केली, म्हणजे कागदावर. दोन वर्षांनी ही तरुण मुलगी सॉल्टपाँडहून पळून केप कोस्टला आली आणि क्वामिना एड्डू नावाच्या बड्या माणसाने मला विकत घेतलं म्हणून कोर्टात उभी राहिली. विकणारा कोण, तर ज्याच्याकडे ती बायको म्हणून राहिली होती तोच. कोर्टात घोळ असा की अंगावर कापड मिळत होतं, काम घरातलंच, मग ही गुलाम कशी? तिचं म्हणणं एवढंच की मला विकलं, माझ्या मर्जीला काही किंमत नव्हती, आणि वर टांडो नावाच्या माणसाशी परस्पर लग्न लावत होते. ज्युरीत सगळे पुरुष. एड्डू सुटला.

ही साक्ष घानाच्या अर्काइव्हमध्ये पडून होती. ट्रेव्हर गेट्झ या इतिहासकाराने ती वाचली, लिझ क्लार्कने चित्रं काढली आणि 'अबिना अँड द इम्पॉर्टंट मेन' आलं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे मूळ साक्षही पुस्तकात छापलीय, त्यामुळे कागदावरचं काय आणि कल्पनेतलं काय ते आपलं आपण ताडून बघता येतं. कारण लिहिणारा न माहीत असलेल्या गोष्टी टाळून पुढे जाऊ शकतो, चित्रकाराला ती सोय नाही, प्रत्येक चौकटीत चेहरा हवा, कापड हवं, कोण कुठे बसलंय ते हवं. आणि अबिनाचे शब्दही थेट तिचे नाहीतच, मधे दुभाषा, लिहून घेतलेलं इंग्रजीत.

चित्रांतून इतिहास सांगणं तिथे बाहेरून आलंय असंही नाही हां. आजच्या बेनिनमध्ये अबोमेचे राजवाडे आहेत, जुन्या डाहोमे राज्याच्या राजधानीतले, भिंतींवर मातीची उठावचित्रं, त्यात लढाया, राजांची चिन्हं, शत्रूशी भिडलेली बाई सैनिकसुद्धा. ह्या बायकांना युरोपवाले 'अॅमेझॉन' म्हणायचे, ग्रीक गोष्टीतलं नाव उचलून चिकटवलं. तिथल्या फॉन भाषेत त्या 'मिनो', म्हणजे आमच्या आया. सेह-डाँग-हाँग-बे ह्या त्यांच्यातल्या सरदारणीचं चित्र १८५१ सालच्या फोर्ब्स नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या पुस्तकात आहे, हातात शत्रूचं मुंडकं, काय छापलं तर विकलं जाईल हे त्याला बरोबर कळत होतं! पण घरच्यांनीही सगळं काढलं असं नाही. डाहोमेच्या अकाबा राजाची जुळी बहीण हांगबे गादीवर बसली होती असं लोकपरंपरा सांगते, राजांच्या अधिकृत यादीत मात्र ती नाही. म्हणजे पुसायचं काम फक्त गोऱ्यांनीच केलं असं धरून चालणारा कॉमिकवाला इथे अडकतो.

युनेस्कोने अशा बायकांवर फुकट वाचता येणारी कॉमिक्सची मालिका काढली, डाहोमेच्या सैनिक बायकांचं कॉमिक पॅट मासिओनीने रंगवलं, नायजेरियाच्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटीचं आलाबा ओनाजिनने. तिची ओळख बहुतेक वेळा गायक फेला कुटीची आई अशीच करून देतात, खरं तर अबेओकुटा शहराच्या बाजारातल्या बायकांना घेऊन तिने करांविरुद्ध एवढं रान उठवलं की १९४९ मध्ये तिथल्या राजाला गादी सोडावी लागली.

आणि त्याच्या वीस वर्षं आधीचं तर आयतं चित्र आहे. नोव्हेंबर १९२९, नायजेरियातलंच ओलोको गाव, न्वान्येरुवा नावाची बाई पामचं तेल काढत बसलीय, करासाठी माणसं मोजणारा येऊन म्हणतो तुझी माणसं आणि शेळ्या मोज, ती म्हणते तुझी आई मोजली होती का? तिथून हजारो बायका रस्त्यावर, पन्नासहून जास्त गोळीबारात गेल्या. ब्रिटिश फायलीत ते 'अबा रायट्स', दंगल. इग्बो बायका म्हणतात 'ओगु उमुन्वान्यी', बायकांचं युद्ध. कव्हरवर ह्यातलं कुठलं नाव टाकायचं, भांडण तिथूनच सुरू होतं.